टिटवी आणि भाजावळ

"वैजू, वाऱ्याला विचारल्याशिवाय काडी ओढायची नाही. आधी मूठभर धूळ वर सोडायची, ती कुठं जाते ते बघायचं, आणि मग पेटीला हात लावायचा."

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी मला हे सांगितलं. आम्ही दोघी राबाच्या कडेला उभ्या होतो. राब म्हणजे भाताचं रोप करायचा तुकडा. चैत्रात त्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर घालायचे, वरून माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. ज्वाळा उठता कामा नये. आतल्या आत धुमसत जमीन भाजली पाहिजे, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमानं येतं. याला आमच्याकडे भाजावळ म्हणतात. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण दर चैत्रात त्यांचा आवाज माझ्या कानाशी येतो. त्यांच्या धाकट्या मुलाच्या कानाशी मात्र येत नाही. माझ्या दिरांनी, हरिश्चंद्र भाऊजींनी, ही सूचना जन्मापासून ऐकलेली असणार. त्यांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की काडी ओढायची.

भाऊजी वाईट नाहीत. हाकेला धावून येतात. पण हाक पूर्ण ऐकत नाहीत. देवळात पुराण चाललं असेल तर राक्षस मरायच्या आत उठून जातात, आणि मग वर्षभर गावात सांगत फिरतात की राक्षस जिंकला. डॉक्टरांनी गोळी सांगितली की "सकाळी" एवढं ऐकून ते बाहेर पडतात. "जेवल्यावर" हा शब्द दवाखान्यातच राहतो. प्रभा, म्हणजे त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, म्हणते, "वैनी, यांच्याशी लग्न ठरलं तेव्हा यांनी माझं नावसुद्धा अर्धंच ऐकलं होतं. प्रभावतीचं प्रभा यांनीच केलं."

आमच्या कातळवड्याच्या सड्यावर यानतळ सुरू होऊन त्या वर्षी चौथं वर्ष लागलं होतं. सडा म्हणजे वरचं पठार, ना झाड ना घर, नुसता जांभा दगड आणि पलीकडे समुद्र, म्हणून कंपनीला जागा आवडली. यानाचं कागदोपत्री नाव काहीतरी भारदस्त आहे. उडण्याआधी त्याच्या थंड नळ्यांतून वायू सोडतात तेव्हा टिटवीसारखी शीळ येते, म्हणून गाव त्याला टिटवी म्हणतं, आणि आता कंपनीतली माणसंही तेच म्हणतात. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी टिटवी आमच्याकडून निघते आणि दीड तासात कॅनडातल्या हॅलिफॅक्सला उतरते. मी आधी गावच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. शाळेत मुलंच उरली नाहीत तेव्हा शाळा बंद झाली आणि मी कंपनीचं शिक्षण घेऊन इथं भारनियोजनाला लागले. यानात किती माणसं, किती सामान, किती इंधन, कुठं काय ठेवायचं, हे ठरवायचं काम. गावात मला वजनवाली बाई म्हणतात. म्हणोत.

टिटवीमुळे जग जवळ आलं, असं सगळे म्हणतात. मला विचाराल तर जग घायकुतीला आलं. पूर्वी परदेशातून बोलावणं आलं तर महिन्याची मुदत असे. आता "परवा दुपारी हजर राहा" असं येतं. आणि जी माणसं पूर्वी दोन वर्षांतून एकदा का होईना पण महिनाभर येऊन राहायची, ती आता येतच नाहीत. "दीड तासावर तर आहोत" म्हणतात. या एका वाक्यानं आमच्या गावातल्या किती गणपतींना घरची माणसं कमी पडली ते मी बघितलं आहे.

आमच्या घरातही तेच झालं. भाऊजींची मुलगी ऋतुजा हॅलिफॅक्सला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण ऋतुजा म्हणाली, मी कशाला येऊ, आई दीड तासावर आहे. आणि प्रभाही दोन महिने आधी जाऊन राहिली नाही. म्हणाली, मी कशाला अडकून पडू, लेक दीड तासावर आहे. कळा सुरू झाल्या की आईनं टिटवीत बसायचं, असं दोघींनी ठरवलं. मी म्हटलं, "अगं, बाळ काय वेळापत्रक बघून येतं?" तर मायलेकी दोन्हीकडून हसल्या.

बाळ वेळापत्रक बघून आलं नाही. जावई संशोधनाच्या कामाला उत्तरेकडच्या बर्फातल्या तळावर गेलेले, तिथून त्यांना लगेच निघता येईना, आणि सोमवारी पहाटे ऋतुजाचा फोन आला. आवाज रडका. "आई, तू ये. एकटीला भीती वाटते गं." प्रभानं "आलेच" म्हणून शब्द दिला. त्या दिवशी टिटवी होती हे नशीब. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी काही जागा राखीव असतात, त्यातली एक मी प्रभाला मिळवून दिली आणि कामावर गेले.

आता माझे दोन नेम सांगायला हवेत, कारण त्या दिवशी त्यांचा संबंध आला. संध्याकाळी देवापुढे आणि तुळशीपुढे दिवा लावल्याशिवाय मी अन्न घेत नाही, आणि सोमवारी आवाज चढवत नाही. पहिला नेम सोपा आहे.

उजाडलं होतं. आश्लेषा टेंभुर्णे पडद्यासमोर डोकं धरून बसली होती. ती भंडाऱ्याकडची, टिटवीच्या श्वासनलिकेची इंजिनीअर. वय लहान, आवाज मोठा.

"मॅडम, हे पाहा जी. राखेचा आकडा कसा चढून राहिला. कुठं वणवा लागला का?"

मी खिडकीशी गेले. खाली गावाच्या बाजूनं राखाडी धुराची एक जाड दोरी वर येत होती आणि सकाळच्या मतलई वाऱ्यानं वाकून थेट आमच्याकडे सरकत होती. मतलई म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा. दुपारी तो उलटतो. दोरीचं खालचं टोक कुणाच्या शेतात आहे हे ओळखायला मला दुर्बीण लागली नाही.

"वणवा नाही," मी म्हटलं. "माझे दीर आहेत."

इथं थोडं इंजिनाबद्दल बोलायला हवं. जेट आणि रॉकेट, दोघांची ताकद एकाच गोष्टीत आहे: तापलेला वायू जोरानं मागे फेकायचा, म्हणजे आपण पुढे ढकलले जातो. फरक आहे तो शिदोरीचा. जाळायचं म्हणजे इंधन हवं आणि प्राणवायू हवा. जेट फक्त इंधन बरोबर घेतं. प्राणवायू वाटेतल्या हवेतून ओढतं, जसा एखादा प्रवासी म्हणतो की वाटेत मिळेल ते खाऊ. म्हणून ते हलकं असतं, पण जिथं हवा संपते तिथं त्याचं जेवण संपतं. रॉकेट इंधनही बरोबर घेतं आणि प्राणवायूही, खूप थंड करून, द्रवरूपात, टाकीत भरून. बाहेरचा घास घेत नाही. म्हणून ते पार अवकाशात जातं, पण शिदोरीच्याच ओझ्यानं वाकलेलं असतं. हायड्रोजन एक किलो घेतला तर प्राणवायू सहाएक किलो घ्यावा लागतो. यानाचं बहुतेक वजन हे असं, माणसांचं नव्हे.

टिटवी दोन्ही आहे. निघताना तिचं तोंड उघडं असतं आणि ती जेटसारखी हवा पिते. विरळ हवेत, सव्वीस किलोमीटर उंचीवर पोचली की तोंड मिटते आणि टाकीतला प्राणवायू काढते, तिथून पुढे ती रॉकेट. हवा पिण्याच्या काळात तिचा वेग इतका वाढतो की आत येणारी हवा भट्टीसारखी तापते. ती क्षणात गार करावी लागते. त्यासाठी तोंडात केसाएवढ्या बारीक नळ्यांची जाळी आहे, हजारो नळ्या, आतून बर्फाहून थंड वायू वाहतो. सगळी हुशारी त्या जाळीत आहे आणि सगळा नाजूकपणाही. पाऊस तिला चालतो, धुकं चालतं, त्याची सोय केलेली आहे. शेणापाल्याची बारीक चिकट राख चालत नाही. ती नळ्यांच्या फटीत बसली की जाळी गुदमरते.

कंपनीच्या लोकांनी जागा निवडताना वीस वर्षांचा वारा, पाऊस, विजा, सगळं तपासलं होतं. चैत्रात कोकण भाजावळ करतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पहिल्या वर्षी हे लक्षात आल्यावर देवळात बैठक झाली. टिटवीच्या दिवशी सकाळी कुणी राब पेटवायचा नाही, असं ठरलं. भाऊजी बैठकीला होते. अर्धा वेळ.

मी फोन लावला.

"भाऊजी, राब पेटवलात?"

"व्हय तर! पहाटेच. गारव्यात बरा पडतो."

"आज टिटवीचा दिवस आहे. देवळात काय ठरलं होतं?"

"ता जेटवाल्यांसाठी, वैनी. टिटवी रॉकेट हाय. रॉकेटाला भायरची हवा लागत नाय. माझं नाय, तुमचंच बोलणं हाय. ओटीवर बसून सांगितलंत तुम्ही, शिदोरीची गोष्ट."

"मी दोन्हींची गोष्ट सांगत होते. तुम्ही रॉकेटावर उठून गेलात."

"गोठ्यातला पाडा सुटला होता."

मी एक श्वास घेतला. समोर महादेवाचं चित्र असलेली दिनदर्शिका होती. सोमवार तांबड्या शाईतला नसतो, पण मला तांबडा दिसत होता.

"हे बघा," मी सावकाश म्हटलं, "धूर असाच राहिला तर टिटवीला तोंड मिटून निघावं लागेल. मग प्राणवायू जास्त भरावा लागतो आणि तेवढी माणसं उतरवावी लागतात. उतरणाऱ्यांत प्रभा पहिली असेल."



"काय? आमची प्रभा?"

"हो. पण घाबरू नका. अजून वेळ आहे. आज वारा आहे, राब तासाभरात आपोआप बसेल. तुम्ही फक्त एक करा, त्यावर पाणी..."

फोन बंद झाला होता.

"...ओतू नका," मी बंद फोनला सांगितलं.

पुन्हा लावला. वाजत राहिला. आश्लेषानं तोवर कुंपणावरचा कॅमेरा गावाकडे वळवला होता. पडद्यावर माझे दीर विहिरीच्या पंपाचा पाइप खांद्यावर घेऊन राबाकडे धावत होते. फोन बांधावर ठेवलेला असणार.

"मॅडम, हे काका आता पाणी मारतात काय?"

"मारतील."

"अवं, पण त्यानं तर दुप्पट धूर होते नं! वरडा नं त्यायले!"

"आज सोमवार आहे," मी म्हटलं.

आश्लेषानं माझ्याकडे एकदा बघितलं, माइक ओढला, आणि धोक्याच्या सूचनांसाठी गावाकडे तोंड करून बसवलेल्या कर्ण्यांतून भंडारा जिल्ह्याचा आवाज सड्यावर घुमला. "काकाजीऽऽ! पाणी मारू नका! पाइप ठेवाऽऽ!"

पण वारा तिकडून इकडे येत होता. आमचा आवाज सड्यावरच राहिला असावा. भाऊजींनी मान वर करून पाहिलं, आमच्याकडे हात हलवला, काळजी करू नका अशा अर्थी, आणि पंप सुरू केला.

ज्यानं धुमसतं शेण कधी भिजवलं आहे त्याला पुढचं सांगायला नको. आधी दोरी होती, तिचा आता पांढरा दाट पडदा झाला. तो उठला, वाकला, आणि सगळा सड्यावर येऊन बसला. राखेचा आकडा तांबडा झाला आणि तसाच राहिला. दहा मिनिटांत कॅप्टनचा निरोप आला: तोंड बंद ठेवून उड्डाण. वाट बघता येणार नव्हती, कारण पलीकडे उतरायची वेळ ठरलेली असते, ती चुकली तर त्या दिवशी पुन्हा मिळत नाही.

निघतानाचं एकूण वजन वाढवता येत नाही. चाकांना, पंखांना, धावपट्टीला जेवढं झेपतं तेवढंच. टाकीत जास्त ओतायचं तर दुसरीकडून काढायचं. चव्वेचाळीस माणसांतली अठरा काढायची होती. ज्यांचं पोचणं जिवाशी आहे आणि तसा दाखला आहे ते आधी, मग पूर्ण भाड्याचे, आणि सगळ्यात शेवटी कर्मचाऱ्यांच्या घरचे. नियम मी केलेला नाही, पण चुकीचाही नाही.

खिडकीवर एक टायवाले गृहस्थ आले. यादीतून त्यांचं नाव गेलं होतं.

"बाई, मी जेटचं तिकीट घेतलंय. जेट!"

"हो. आज ती रॉकेट म्हणून जाणार आहे."

"म्हणजे तुमच्या मनाला येईल तसं? अहो, हवा तर इथं भरपूर आहे. ही काय, मी घेतोय!"

"तुम्ही घेऊ शकता," मी म्हटलं. "तिच्या नळ्या तुमच्या नाकाहून बारीक आहेत."

"आणि तोंड बंद करून ती हवेला धक्का कसा देणार?"

"हवेला द्यावाच लागत नाही. होडीत उभं राहून दगड मागे फेकलात की होडी पुढे जाते. दगड कशावर आपटतो याच्याशी होडीला देणंघेणं नाही. फक्त दगड आपले आपण होडीत भरून न्यावे लागतात. आज त्या दगडांसाठी जागा करतोय, आणि ती तुमची आहे. गुरुवारी पहिलं नाव तुमचं लिहिते."

"ही काय बोलायची पद्धत आहे? तुम्ही ओरडत का नाही? माणूस भांडणार तरी कुणाशी?" असं म्हणून ते पाणी प्यायला गेले.

प्रभा शेवटी आली. यादी तिनं लांबूनच वाचली होती. काठापदराची साडी, पायात नवे बूट, आणि शेजारी तिच्या कमरेएवढी बॅग. त्या बॅगेत काय होतं मला ठाऊक होतं, कारण भरायला मीच होते. डिंकाचे लाडू, अळीव, खसखस, बाळंतशेपा, ओवा, वेखंड, जुन्या मऊ साड्यांची दुपटी, धुरीचं सामान, पाचवीच्या पूजेची सुपारी आणि आमच्या ग्रामदेवतेचा अंगारा. शेगडी तेवढी मी काढून ठेवायला लावली होती.

"वैनी, कुणी पेटवलं?" तिनं विचारलं.

तिनं खिडकीतून गावाकडे बघितलं.

"पाणी पण ओतलंन वाटतं." ती हसली नाही, रडलीही नाही. "मी लेकीला आलेच म्हटलंय, वैनी."

मी पुन्हा कागदाकडे वळले. सव्वीस माणसं, प्रत्येकाचं सामान, टाकी, सगळी बेरीज तीनदा केली. आकडे मी कधी वाकवलेले नाहीत, त्या दिवशीही वाकवले नाहीत. टाकीत ठरल्यापेक्षा एक तांब्या कमी भरा असं म्हणायचं माझ्या जिभेवर आलं नाही असं नाही. पण वर जाऊन शिदोरी संपली तर वाटेत हॉटेल नाही. मात्र सव्वीसावं माणूस बसल्यावर थोडंसं वजन शिल्लक राहत होतं. एक पूर्ण प्रवासी त्यात बसत नव्हता. प्रवासी म्हणजे माणूस आणि सामान, असा आमचा हिशेब.

"प्रभा, वजनकाट्यावर उभी राहा," मी म्हटलं. "बॅग खाली ठेव. पर्सही ठेव."

ती उभी राहिली. काट्याचा आकडा शिल्लक वजनाच्या आत होता, जेमतेम. प्रभा आयुष्यभर सडपातळ आहे. भाऊजींसारख्या माणसाच्या मागे धावून दुसरं काय होणार?

"तू जाऊ शकतेस," मी म्हटलं. "पण फक्त तू. बॅग नाही."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं तशी ती काट्यावरून खाली उतरली.

"रिकाम्या हातानं? वैनी, बाळंतिणीकडे रिकाम्या हातानं? तिकडे काय मिळतं? ती पावखाऊ माणसं! मी तिला काय भरवू?"

"तिथं दूध मिळतं, तूप मिळतं. सुका मेवा मिळतो. तुझे दोन हात आहेत. जे तिथं मिळेल त्यातून कर."

"आणि अंगारा?"

"त्याचं वजन मी धरलंय," मी म्हटलं. पुडी बॅगेतून काढून तिच्या कमरेला खोचून दिली. तिला पुन्हा काट्यावर उभं केलं, आकडा बदलला नाही.

ती थोडा वेळ बॅगेच्या पट्ट्याला धरून उभी राहिली. चार महिने ती ही शिदोरी जमवत होती. मग तिनं पट्टा सोडला, माझ्या हातात दिला.

"पाचवीच्या आधी ही तिथं पोचली पाहिजे," ती म्हणाली. "आणि वैनी, यांना सांगा. तोंडानं सांगू नका, यांच्या हातात द्या. सांगितलेलं यांना अर्धंच कळतं. वजन पूर्ण कळतं."

तोंड मिटलेली टिटवी शीळ घालत नाही. त्या दिवशी नुसता एक लांब खोल गडगडाट झाला, काचा थरथरल्या, आणि धुराच्या पडद्याला भोक पाडून ती वर गेली. त्या भोकातून थोडा वेळ निळं आकाश दिसत होतं. मग तेही बुजलं.

भाऊजी फाटकाशी आले तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत राखेचा चिखल झाला होता. रखवालदारानं त्यांना आत घेतलं नाही, मी बाहेर गेले.

"गेली?"

"गेली."

"प्रभा?"

"तीही गेली."

त्यांनी दगडावर बसकण मारली. "मगे झालं की! पाण्यानं काम झालं. मी म्हटलंच..."

मी बॅग त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती उचलायला हात घातला, आणि वजन लागलं तसे थांबले. चेन थोडी उघडून आत बघितलं. लाडवांचा वास आला.

"ही ऱ्हायली?"

"ही राहिली म्हणून ती गेली. आणखी सतरा माणसं राहिली. पाणी ओतलं नसतं तर कदाचित कुणीच राहिलं नसतं."

त्यांनी चेन लावली. पुन्हा उघडली. पुन्हा लावली. मी माझ्या कामाला आत निघाले, तेव्हा ते मागून म्हणाले, "वैनी, ती दुसरी गोष्ट काय होती?"

"कुठली?"

"जेटाची. पाडा सुटला त्यानंतरची."

मला खरं तर फार कंटाळा आला होता. सकाळपासून ती गोष्ट मी सतरा माणसांना सांगितली होती, आणि सतरा जणांनी मला तऱ्हेवाईक ठरवलं होतं. पण मी बसले, त्याच दगडावर, आणि सांगितली. वाटेत मिळेल ते खाणाऱ्या प्रवाशाची. त्याला रस्त्यावर अवलंबून राहावं लागतं, रस्त्यावरच्या माणसांवर अवलंबून राहावं लागतं, त्यांनी धूर केला तर उपाशी राहावं लागतं, हे सगळं. मध्येच कुणाची तरी गाय हंबरली. भाऊजींनी तिकडे मान वळवली, आणि मग माझ्याकडे परत वळवली. माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, असं मी पहिल्यांदा बघितलं.

दुपार कलता कलता ऋतुजाचा फोन आला, तेव्हा भाऊजी अजून फाटकापाशीच बसले होते, म्हणून फोन घेऊन मी बाहेर गेले. मुलगी झाली होती. प्रभा वेळेवर पोचली होती. पडद्यावर तिच्या साडीची निरी सुटलेली, केस पिंजारलेले, आणि हातात वाटी. तिकडच्या कसल्या तरी रव्याचा तिनं शिरा केला होता. "बदाम मिळाले," ती म्हणाली, "तूप जरा पांढरं आहे, पण चालतंय. खाल्लंन तिनं." मग तिला मागे भाऊजी दिसले.

"प्रभा," भाऊजी म्हणाले, "गुरुवारी मी स्वतः बॅग घेऊन येतो. पाचवीच्या आधी. शब्द."

"तुमचा?" प्रभा म्हणाली.

"माझा."

"पूर्ण?"

भाऊजी राखेनं भरलेला कान खाजवत राहिले. "पूर्ण," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी त्यांना सांगितलं की घाई करू नका, अजून एक अडचण आहे. गावातले निम्मे राब अजून भाजायचे आहेत. ठरल्याप्रमाणे लोक मंगळवारी, बुधवारी पेटवणार. पण बुधवारी वारा पडणार असा अंदाज आहे, तेव्हाचा राब रात्रभर धुमसेल आणि गुरुवारी सकाळी मतलईवर इकडेच येईल. परत तोंड बंद, परत अठरा खाली. तुम्ही तर आमच्या घरचे, म्हणजे यादीत शेवटचे. आणि तुम्ही काही प्रभासारखे सडपातळ नाही.

"म्हणजे गुरुवार दुपारपर्यंत गावात कुणीच काडी ओढायची नाय?"

"नाही ओढली तर सगळे जातील."

"आणि लोकांना सांगणार कोण?"

कोण सांगणार हे त्यांनाही कळत होतं. आजच्या धुराचा मालक उद्या दारोदार जाऊन म्हणणार, धूर करू नका. आमच्या गावाची जीभ मला माहीत आहे. सुरुवातीलाच खालच्या घरातल्या विठाबाई म्हणणार, "ये रे बाबा अग्निहोत्री, बायकोला धुरात घालवलीस ती पुरली नाय?" त्यापुढे आणखी घरं.

संध्याकाळी मी घरी आले. सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. हातपाय धुतले, देवापुढे निरांजन मांडलं, तुळशीत वात घातली आणि काडेपेटी शोधू लागले. नेहमीच्या कोनाड्यात ती नव्हती. ओली झाली म्हणून प्रभानं सकाळी चुलीपाशी ठेवली होती ती तिथंच. तेवढ्यात भाऊजी अंगणात आले. आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. हातात बॅग नव्हती. ती त्यांनी आपल्या खाटेच्या उशाला ठेवल्याचं मला मागून कळलं.

त्यांनी खिशातली काडेपेटी काढून वृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवली.

"ही ऱ्हावदे तुमच्याकडे," ते म्हणाले. "गुरुवारपर्यंत."

मी पेटी घेतली. काडी काढली, आणि थांबले. अंगणातली चिमूटभर धूळ उचलून वर सोडली. ती समुद्राकडून घराकडे हलकेच सरकली. मग त्या बाजूला पाठ करून, ओंजळीच्या आडोशानं मी काडी ओढली आणि दिवा लावला. भाऊजी हात जोडून पूर्ण आरती होईपर्यंत उभे राहिले. शेवटचा शब्द संपल्यावरच त्यांनी चपला घातल्या.

मग ते पायवाटेनं खाली उतरले, विठाबाईंच्या घराकडे. तिथून आवाज आला, हशाही आला. मी ताटावर बसले नव्हते, कान देऊन उभी होते. हशा संपला, आणि त्यामागून भाऊजींचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालचा:

"हसून झालं असेल तर बसा जरा. मी दोन प्रवाशांची गोष्ट सांगतो. पुरती ऐका, मधी उठू नका."